मृगाआधी मोडायचा मांडव

आमचा धंदा मंडपाचा. वडील सोलापूरला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर खेळण्यांच्या दुकानांना पाल ठोकून द्यायचे. माझ्या हातात धंदा आला तोवर लोखंडी पाइप, मखमली पडदे आणि प्लॅस्टिकची फुलं आली होती. लग्नाचे मंडप मी आजही तसेच घालतो. गिऱ्हाईक मागेल ते द्यावं लागतं. पण जुळे सोलापुरात आमच्या घरामागे जी चिमूटभर बाग आहे, तिथे दर फाल्गुनात एक मांडव उभा राहतो. त्यात पाइप नाही, खिळा नाही, नायलॉनचा दोरा नाही. शेजारी येऊन बसतात, चहा पितात आणि जाताना म्हणतात, "असा आम्हाला पण घालून द्या की." प्रत्येकाला घालून देणं होत नाही, म्हणून कसा घालायचा ते इथे सांगतो.

पहिला प्रश्न मांडव कुठे घालायचा हा नाही. मोडायचा कधी, ते आधी ठरवा. आमचा मांडव मृग निघायच्या आत, म्हणजे ७ जूनच्या आधी मोडतो. म्हणजे उणेपुरे तीन महिने. एकदा हे पक्कं झालं की निम्मा खर्च आपोआप गळतो. सिमेंट नको, कारण खांबाला दहा वर्षं उभं राहायचं नाही. रंग-पॉलिश नको. आणि जे सामान आणाल त्याचं जूनमध्ये काय करायचं, हे आणतानाच माहीत हवं. ज्याचं उत्तर "कचऱ्याच्या गाडीत" असं येईल ते आणूच नका. ग्रीन नेटही त्यातलीच. ती दोन उन्हाळ्यांत भुसभुशीत होते आणि तिचे हिरवे तुकडे मातीत वर्षानुवर्षं सापडत राहतात. माझ्या गोडाऊनमागे अजून सापडतात.

ऊन कुठून येतं ते आधी बघा

अंगणात एक काठी उभी रोवा आणि एका सुट्टीच्या दिवशी दर तासाला तिच्या सावलीच्या टोकाला खडूने खूण करा. पोरांना हे काम फार आवडतं. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात भर दुपारी काठीची सावली काठीच्या पायातच जाते, कारण सूर्य तेव्हा थेट डोक्यावर असतो. तेव्हा दुपारचं ऊन अडवायला छप्पर पुरतं, बाजू उघड्या राहिल्या तरी चालतात. छळतं ते चारनंतरचं ऊन. मे महिन्यात साडेचारला साडेपाच फूट उंचीच्या वळचणीखालून ऊन आठ फूट आत येतं. साडेपाचला तर ते इतकं आडवं होतं की छप्पर कितीही खाली ओढा, उपयोग नाही. तिथे पडदाच लागतो. हे ऊन बरोबर पश्चिमेकडून न येता थोडं उत्तरेला सरकून येतं, म्हणून पडदा वायव्येच्या कोपऱ्यावर हातभर वळवून घ्या.

हुरड्यासाठी डिसेंबरात मांडव घालणार असाल तर हिशेब वेगळा. तेव्हा दुपारचा सूर्य दक्षिणेला कललेला असतो. आठ फूट उंच छपराची सावली भर दुपारीसुद्धा सात फूट उत्तरेला पडते. छपराखाली बसलेला माणूस उन्हात आणि सावली शेजारच्या वाफ्यावर, अशी गंमत होते. हुरडा खाताना ते ऊन हवंच असतं म्हणा.

बागेत कडुलिंब असेल तर त्याला विसरू नका, पण फाल्गुनात त्याच्याकडे बघून निर्णयही घेऊ नका. तेव्हा तो पानं गाळून बसलेला असतो. पाडव्याच्या आसपास तांबूस पालवी येते आणि एप्रिलमध्ये त्याच झाडाखाली थंडगार होतं. आम्ही मांडव लिंबाच्या पूर्वेला घातला आहे, म्हणजे चारनंतर झाडाची सावली मांडवाच्या मदतीला येते. बुंध्यापासून सहा-सात फूट लांब राहा, खड्डे खणताना मुळं तुटतात. आणि झाडाला खिळा ठोकू नका. दोर बांधायचाच असेल तर खाली गोणपाटाची घडी घाला.

मुहूर्तमेढ

आमचा मांडव दक्षिणोत्तर १२ फूट लांब आणि पूर्वपश्चिम १० फूट रुंद आहे. पूर्वेला तीन खांब, पश्चिमेला तीन. पूर्वेची बाजू ९ फूट उंच, पश्चिमेची साडेसहा. छप्पर पश्चिमेला उतरतं. कोपरे काटकोनात यावेत म्हणून कोपऱ्यापासून एका बाजूला ६ फुटांवर, दुसऱ्या बाजूला ८ फुटांवर खूण करायची. दोन खुणांमधलं अंतर बरोबर १० भरलं की कोपरा जमला. डोळ्याने जमवायला जाल तर छप्पर घालताना भांडणं होतील.

खड्डा दोन फूट खोल. आता आपल्या काळ्या मातीचं ऐका. ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. खणलेली माती परत खड्ड्यात लोटली तर एप्रिलमध्ये खांबाभोवती बोट जाईल एवढी फट पडते आणि खांब पडायला आलेल्या दातासारखा हलतो. म्हणून काळी माती बाजूला वाफ्यात टाका. खड्ड्यात विटांचे तुकडे आणि मुरूम थराथराने भरून पहारीच्या बुडाने ठेचा. खांबाचं बूड आगटीवर धरून दोन-अडीच फुटांपर्यंत वरून काळं होईल असं भाजून घ्या. वाळवी कायमची थांबत नाही, पण तीन महिने तोंड लावत नाही, आणि आपल्याला तीनच महिने हवेत.

सोलापूरकराला बांबू काय चीज आहे हे वेगळं सांगायला नको. संक्रांतीला सिद्धेश्वराचे सातही नंदीध्वज, म्हणजे उंच बांबूच्या काठ्या, गर्दीतून तोलत नेताना आपण लहानपणापासून बघतो. तरी घेताना दोन गोष्टी बघा. पेरं जवळजवळ असलेला, बुडाशी भरीव लागणारा बांबू खांबाला घ्या, आणि टिचकी मारून आवाज ऐका. कोवळा बांबू बद्द वाजतो, पक्का टणटणीत. आणि आडवा आपटल्यावर बारीक पिवळी पूड पडली तर आत भुंगेरा आहे, तो परत द्या. गोदामात नेऊन ठेवलात तर बाकीच्यांनाही लागेल.

कापताना पेराच्या दोन बोटं वर कापा, म्हणजे टोक फाटत नाही. खांबाच्या डोक्यावर तुळई बसेल अशी अर्धगोल खाच काढा. वर दोन तुळया, १४ फुटी. त्यांच्यावर दोन-दोन फुटांवर सात वासे, १३ फुटी, म्हणजे दोन्हीकडे हातभर वळचण सुटते. उत्तर आणि दक्षिण बाजूला खांबांच्या मध्ये कैची, म्हणजे एकमेकांना छेदणारे दोन तिरके बांबू, बांधा. लोक ही कैची दिसायला बरी नाही म्हणून गाळतात आणि मग मांडव डुलतो.

बांधायला सुंभ. आधी तासभर पाण्यात भिजवा, म्हणजे हाताला नरम पडतो आणि गाठ नीट बसते. खांब-तुळई, तुळई-वासा या सगळ्या जोडांना निरगाठ. पडद्यांना मात्र सुरगाठ. का, ते पुढे येईल. आठवड्याने सगळ्या गाठी एकदा फिरून आवळा, बांबू वाळून बारीक झालेला असतो.

छप्पर

माझ्या डोक्यात कडबा होता. दिसायलाही सुंदर, मालदांडीचा उंच, पिवळाधमक. नान्नजकडचा एक म्हातारा माणूस आमच्याकडे बरीच वर्षं कामाला आहे, आम्ही त्याला मामा म्हणतो. त्याला सांगितलं, कडब्याच्या दोन-अडीचशे पेंढ्या बघ. तो माझ्याकडे बघतच राहिला. "चैतात? म्हशीच्या तोंडचं काढून सोताच्या डोक्यावर घालायचं व्हय?"

खरं होतं. उन्हाळ्यात कडबा म्हणजे सोनं. मग त्यानेच सांगितलं, पाचट आण, म्हणजे उसाचा वाळका पाला. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. फाल्गुनात तोडणी संपत आलेली असते आणि फडात पाचट नुसतं पडलेलं असतं. बरेच जण पेटवून देतात, आभाळ काळं होतं. ओळखीच्या शेतकऱ्याला विचारा, तो वर चहा पाजेल. एक छोटा हत्ती दाबून भरला की आमच्या मापाचं छप्पर होऊन थोडं उरतं. नेताना पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. पाचटाची कड करवतीसारखी असते आणि रात्रभर अंग खाजतं.

आधी वाशांवर तुराट्यांची ताटी अंथरायची. तुरीची मळणी झालेली असते, तुराट्या मिळतात. ही ताटी नसेल तर पाचटाचा चुरा चहात पडतो. ताटीवर फूट-फूट अंतराने बांबूच्या कांबी आडव्या बांधा. आदल्या रात्री पाचटावर पाणी शिंपडून ठेवा, नाहीतर हातात घेतलं की मोडतं. सकाळी मुठी-मुठीच्या पेंड्या करायच्या, बुडं एकसारखी ठोकून. आता काम वळचणीपासून वर. पहिली ओळ सगळ्यात खाली, दुसरी तिच्यावर दोन-तृतीयांश चढलेली, अशी वरपर्यंत. प्रत्येक ओळीवर एक कांब दाबून खालच्या कांबीशी सुतळीने शिवायची. एक माणूस वर, एक खाली, मध्ये बाभळीच्या लाकडाची सुई. मामा वरून सुई खुपसतो आणि खालून मी ओढून परत देतो. दोघांचा ताल एकदा जमला की सकाळच्या चार-पाच तासांत छप्पर होतं. बेताल माणूस खाली असला की वरच्याच्या शिव्या ऐकत दोन दिवस जातात. जाडी वीतभर हवी. हाताचा पंजा घुसवून बघा, पलीकडचा उजेड दिसला की तिथे आणखी एक मूठ.

एक स्पष्ट सांगतो. हे छप्पर गळतं. आमचा उतार १० फुटांना अडीच फूट, वळवाची मोठी सर आली की पाणी आत येतं. पाणी अडवायचं असेल तर छप्पर पाख्याचं, चांगलं ४५ अंशांत उभं करावं लागतं. मग खांब वाढतात, पाचट दीडपट लागतं आणि वारं जास्त धरतं. आम्हाला वळवाचं चार थेंब पाणी अंगावर आलेलं चालतं. त्यावर ताडपत्री टाकायचा मोह होईल. टाकू नका, खाली भट्टी होते. पाचटाखाली गार वाटतं ते त्यातून हवा वर जाते म्हणून.

चादर आणि वारं

पश्चिमेच्या पडद्याला मी सोलापुरी चादर लावतो. जुनी, विरलेली, घरात चार-पाच निघतातच. सुती आणि जाड, त्यामुळे पाणी धरून ठेवते. चार वाजता कपडे खळखळून काढलेलं शेवटचं पाणी तिच्यावर मारलं की तासभर आतलं वारं बदलतं. वाळ्याचा पडदाही उत्तम, वास तर विचारू नका, पण चादर घरात असते. पारा ४३-४४ वर असतो तेव्हा आपली हवा कोरडी असते म्हणून हे चालतं. ढग येऊन हवा कुंद झाली की ओली चादर नुसतीच ओली चादर. नळाला रोज पाणी येत नाही त्या गावात पडदे भिजवायला ताजं पाणी वापरू नये, हे काय सांगायचं.

पहिल्या वर्षी मी चादरी चारही कोपऱ्यांना निरगाठ मारून ताठ बांधल्या. मंडपवाल्याची सवय, सुरकुती दिसली नाही पाहिजे. मे महिन्यातली संध्याकाळ. पश्चिमेला आभाळ गाभुळलेल्या चिंचेच्या रंगाचं झालं आणि वळवाचं वारं सुटलं. तीन ओल्या चादरी म्हणजे तीन शिडं. मांडव आधी नुसता कण्हला, मग पश्चिमेचे दोन खांब मुरुमासकट वर आले आणि सगळा सांगाडा पूर्वेला कलंडला. बायको नातीला घेऊन नुकतीच आत गेली होती, म्हणून आज हे हसत लिहितोय. तीस वर्षं मंडप घालणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या अंगणात हे झालं. मामा दुसऱ्या दिवशी आला, गाठी बघितल्या आणि एवढंच म्हणाला, "वारं काय तुझ्या बापाचं हाय का? त्येला वाट दे."

तेव्हापासून चादर वरच्या बांबूवरून नुसती सोडलेली असते. तुळई आणि चादर यांच्यात वीतभर फट. खालच्या काठाला वजनाला एक बारीक बांबू ओवलेला, आणि तो खांबाला सुतळीच्या सुरगाठीने अडकवलेला. झटका आला की सुरगाठ सुटते, चादर फडफडते, खांब जागेवर. मोठ्या मंडपातही आता मी हेच बघतो. आधी काय सुटणार ते आपणच ठरवून ठेवायचं, आणि ती वस्तू सगळ्यात स्वस्त असली पाहिजे. आभाळ भरलेलं दिसलं तर चादरी सरळ काढून घ्या, एक मिनिटाचं काम आहे.

खाली, बाजूला आणि बाकीचं

जमिनीवर थेट सारवलं तर काळ्या मातीच्या भेगांबरोबर सारवणही फाटतं. चार बोटं मुरूम पसरा, पाणी मारा, धुम्मसाने चोपा आणि मग शेणाने सारवा. आठवड्यातून एकदा हात फिरवला की पुरे. बसायला घोंगडी आणि एक बाज. खुर्च्यांचे पाय सारवण उकरतात.

दक्षिणेच्या बाजूला वेल हवा असेल तर मांडवाच्या आधी वेलाची तयारी लागते. दोडका किंवा घोसाळं माघात टोका, एप्रिलच्या मध्यापर्यंत ती बाजू हिरवी होते आणि भाजीही मिळते. मधुमालती लावायचा आग्रह आमच्या अक्काचा होता, पण ती वर्षानुवर्षं राहणारी वेल. मोडायच्या दिवशी मांडव तिचा की आपला असा वाद होतो.

पाचट वाळलेलं असतं, हे डोक्यात ठेवा. चूल, शेगडी, उदबत्तीसुद्धा मांडवाखाली नको. चूल वाऱ्याच्या खालच्या बाजूला पंधरा फूट लांब. छपरातून वायर नेऊ नका. रात्री एक चार्जिंगचा कंदील खांबाला टांगला की काम भागतं. कोपऱ्यात पाण्याने भरलेला पिंप कायम.

मोडणं

लोक म्हणतात, जूनमध्ये सोलापूरला पाऊस असतोच कुठे, खरा पाऊस सप्टेंबरात. राहू द्या की. राहू दिला की दोन सरींत पाचट कुबट होतं, त्यात विंचू घर करतात, आणि बांबू फुकट जातो. उलट क्रमाने मोडा: चादरी, पाचट, ताटी, वासे, तुळया, शेवटी खांब. पाचट लिंबू आणि डाळिंबाच्या आळ्यात अंथरायचं. पावसाळ्यात ते कुजतं, तण दबतं. तुराट्या बंबात. बांबू पुसून, जमिनीला न टेकता, छपराखाली उभे. आमचे वासे चौथ्या वर्षात आहेत. मुरूम पुढच्या वर्षासाठी पोत्यात.

मोडण्याआधी छपरात आणि दोरांवर नजर टाका. एका वर्षी सुंभाच्या लोंबत्या टोकाला शिंजिराने घरटं केलं होतं, कोळ्याची जाळी आणि वाळक्या पानांचे तुकडे गुंडाळलेली इवलीशी पिशवी. अंडी उबायला दोनेक आठवडे, पिल्लं उडायला आणखी तेवढेच. त्या वर्षी मृग कोरडा गेला म्हणून आमची अब्रू वाचली.

एकच खांब मात्र मोडता आलेला नाही. एका वर्षी एक बांबू कमी पडला, तेव्हा मामाने पाहुण्यांच्या पानमळ्यातून पांगाऱ्याचा एक ओला सोट आणला. पानमळ्यात वेल चढवायला पांगारा लावतातच. वायव्येच्या कोपऱ्यात, बूड न भाजता, तो तसाच रोवला. रोज चारला चादर भिजवायची आणि तिचं पाणी निथळून त्याच्याच बुडाशी. मे संपता संपता त्याला तीन-तीन पानांचे झुबके फुटले. उपटायला हात होईना. आता तो कवेत जेमतेम मावतो. पुढच्या प्रत्येक वर्षी मांडवाचं माप त्याच्यापासून सुरू करावं लागतं, आणि तुळई बांधायला दर वर्षी थोडा जास्त सुंभ लागतो. फाल्गुनात आम्ही खड्डे खणत असतो तेव्हा हा बिनपानाचा, लालभडक, आणि त्याच्यावर साळुंक्यांची भांडणं चाललेली. सावली शून्य. मामा घाम पुसत वर बघतो आणि दर वर्षी तेच विचारतो, "आन् ह्यो कवा मोडायचा?"